मौनीची यादी

सोफे शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे मौनी म्हणत. तीस वर्षं बारीक खिळे ओठांत धरून हातोडी चालवणारा माणूस बोलणार तरी कधी? खिळे संपले तरी त्याचं तोंड उघडत नसे. एका नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम त्यानं अंगावर घेतलं, माल उधारीवर उचलला, आणि खुर्च्या तयार होईपर्यंत नाट्यगृहालाच कुलूप लागलं. तेव्हाही बिचाऱ्यानं कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

शेवटी बोलला तो फोमवाल्याशी, कारण मौनीच्या हिशोबानं सगळ्यात मोठं देणं त्याचं होतं. "शेठ, माझ्याच्यानं फेडणं होणार नाही."

फोमवाल्यानं आधी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग चहा मागवला आणि बिलाच्या पाठीवर एक पत्ता लिहून दिला. "लाँड्रीच्या वर एक वकीलबाई बसतात. दिवाळखोरीचीच कामं करतात. माझी दोन गिऱ्हाइकं त्यांनी सोडवली, मला माझ्या पैशांवर पाणी सोडायला लावून! बाई कामाला चोख आहे."

वकीलबाईंच्या खोलीत खालच्या इस्त्रीची ऊब येत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी फी अर्ज दाखल व्हायच्या आधी, पूर्ण. उधार ठेवलीत तर मीही फोमवाल्याच्या मागे रांगेत उभी राहीन, आणि मला ती हौस नाही."

मौनीला बाई आवडल्या. गिऱ्हाइकाकडे पैसे आगाऊ मागता येतात, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. तीन आठवडे त्यानं लोकांच्या घरी जाऊन खचलेल्या बैठका भरल्या आणि दर शनिवारी जिना चढून फीचा हप्ता दिला. बाई दर वेळी पावती फाडून देत.

तिसऱ्या पावतीनंतर बाईंनी त्याची देण्यांची यादी वाचायला घेतली. "घरातल्या कुणाचं देणं?"

"ताईचं आहे. पण तिचं मी गुपचूप फेडीन, मॅडम. तिला यात नको."

"असं एकाला झाकून ठेवता येत नाही. तिचं नाव नसेल तर मी हा अर्ज लावणार नाही. तुमची फी परत घेऊन जा." आणि बाईंनी खरंच ड्रॉवर उघडला.

मौनी फी न घेता, फक्त यादी उचलून उठला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. जन्मभर इस्पितळात आया म्हणून राबली. कवळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिनं त्याच्या हातावर ठेवले होते. आता तिच्या दारात कोर्टाचं पत्र जायचं! तो तिच्या घराकडे चालू लागला.

तो पोचला तेव्हा ताई भांडी पुसत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पैसे बहुतेक बुडाले, तेही सांगितलं.

ताईनं फडकं खाली ठेवलं. "आणि माझं नाव घालणार नव्हतास?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास!" तिचा आवाज चढला. "त्या फोमवाल्याचे पैसे पैसे, आणि माझे काय रे? मी भीक घातली होती का तुला? आण तो कागद."

त्यानं कागद पुढे केला. फोमवाल्याच्या वर बोटभर जागा मोकळी होती. ताईनं चष्मा लावून तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे आकडा घातला. आकडा मौनीच्या हिशोबापेक्षा मोठा निघाला, फोमवाल्याच्या आकड्यापेक्षाही.

"एवढे कसे, ताई?"

"तुझ्या दुकानाच्या गाळ्याचं डिपॉझिट कुणी भरलं होतं? तू विसरलास. मी नाही विसरले."

मौनीला हसू आलं, आणि हसताहसता रडूही फुटलं. ताईनं त्याला रडू दिलं. मग कागद पुन्हा एकदा वाचला, नावाखाली जोरात रेघ ओढली आणि म्हणाली, "कोर्टात विचारलं तर सांग, ही माझी बहीण. हिचं सगळ्यांत जास्त बुडवलं."