काढा माझा आहे

"खिडकी उघडा, मंडळी! वास माझ्या काढ्याचा आहे, हिच्या स्वयंपाकाचा नाही!" दार उघडलं की आमचे शेजारी आधी हे सांगायचे, मग या-बसा म्हणायचे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नॉटिंगहॅमला आमची आणि त्यांची घरं एका भिंतीची. ते नागपूरचे, चाळिशीतले, आयटीत टेस्टर. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. दोघांच्या टेस्ट झाल्या आणि कारण त्यांच्यात निघालं. स्पर्म काउंट फारच कमी. आयव्हीएफही फसलं, तेव्हा ते हाय स्ट्रीटवरच्या चिनी औषधांच्या दुकानात गेले.

तिथून कागदी पिशवीत मुळ्या, साली, वाळकी फळं यायची. रोज सकाळी ती उकळायची. आणि काय तो वास! ओलं गोणपाट जाळल्यासारखा. आमच्या पडद्यांनाही तो लागला होता. हे मात्र नाक न दाबता अख्खा मग रिकामा करायचे.

"गुण येतोय का हो?" मी एकदा विचारलं.

"कोणास ठाऊक बाप्पा! जीपी डॉक्टरीण म्हणते, पुरावा नाही. दुकानातली बाई म्हणते, धीर धरा. पण दोष माझा असून हिनं पोटात सुया टोचून घेतल्या ना! मला निदान कडू तर पिऊ दे."

मग ते डोहाळजेवण झालं. कम्युनिटी हॉलमध्ये आमच्यातल्याच एका मुलीचं. शेजाऱ्यांची बायको, आमच्या वहिनी, नारळ घेऊन ओटी भरायला उठल्या, तशा एक मावशी म्हणाल्या, "तू राहू दे गं. आधी तुझं होऊ दे." वहिनी नारळ धरून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही सगळे आपापल्या पानात बघायला लागलो.

आमचे शेजारी मठ्ठा वाढत होते. हातात ओगराळं घेऊन तसेच पुढे आले. "मावशी, रिपोर्ट माझा खराब आहे, हिचा नाही. अडवायचं तर मला अडवा. ओटी ती भरेल."

अहो, आपल्यात सर्दी झाली तरी बायकोनं ताक दिलं म्हणून झाली म्हणणारे आम्ही! आणि हा माणूस भरल्या हॉलमध्ये, मोठ्यानं, मान ताठ ठेवून हे बोलला. त्या मुलीनं स्वतःच पदर पुढे केला, "या ना वहिनी." ओटी भरली गेली. हे पुन्हा मठ्ठा वाढायला लागले.

काढ्याचा गुण काही आला नाही. एके सकाळी वास बंद झाला आणि पुढे ती दोघं नागपूरला परत गेली.

आम्हालाही मूल होत नव्हतं. त्यानंतर आमच्याही टेस्ट झाल्या. त्याच आठवड्यात पुण्याहून आईचा फोन आला. "अरे, सूनबाईला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव की." फोन स्पीकरवर होता. बायको समोर मटार सोलत होती, तिचे हात थांबले. त्या क्षणी मला ते शेजारी हवे होते, अगदी त्यांच्या त्या वासासकट.

मी भिंतीकडे बघितलं. पलीकडून नव्या भाडेकऱ्यांच्या टोस्टचा वास येत होता.

"आई," मी म्हणालो, "रिपोर्ट माझा खराब आहे. तिचा नाही."