फेसाळ साबणाच्या क्रमांकामागे लागलेल्या सुमेधाताई

सुमेधाताई राजवाडे साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मी लिहिणार आहे त्यांच्या संशयाबद्दल, कारण त्याची झळ मला लागली आहे.

पुण्याहून मी सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या आमच्या कचेरीत रुजू झालो, त्या दिवशी ताईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या प्रमाणपत्रांची खात्री करायला विद्यापीठाला मेल टाकलाय. राग मानू नका." मी मानला.

अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या जंतुनाशक साबणांचे कागद आम्ही तयार करतो. तिथे असा साबण औषधात मोडतो, म्हणून त्याला औषधाचा सरकारी क्रमांक लागतो. माल कोणाचा, आत काय, बाटली केवढी, हे त्यावरून कळतं. आतलं औषध बदललं की क्रमांकही नवा घ्यावा लागतो.

एका पुरवठादाराच्या फेसाळ हँडवॉशचे कागद माझ्या सहीने जात. एका दुपारी ताईंनी दोन बॅचचे तपासणी अहवाल माझ्यापुढे ठेवले.

"शेवटच्या दशांशापर्यंत आकडे सारखे. असं होतं कधी?"

"योगायोग असेल, ताई."

"असेल. यांवर सही करणारे गृहस्थ तुमच्याच कॉलेजचे दिसतात. ओळख आहे?"

"नाही," मी म्हणालो. खरं तर हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलो होतो. पण इथे नोकरी करायचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि तोंडून खोटं निघून गेलं.

ताईंनी माल अडवला, नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत धाडले. आमचे सिंगापुरी साहेब वैतागले. "सेम सोप, लाह! तुम्ही दुसऱ्या कंपनीसाठी तर काम करत नाही ना?" असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. ताईंनी नमुन्यांची पावती फाइलला लावली. त्यानंतर त्यांच्यासोबत जेवायला कोणी बसेना. मीही नाही.

हॉस्टेलच्या त्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "तू कशाला खोलात शिरतोस?" तेवढ्यावरून अहवाल खोटे आहेत हे मी समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंपाशी जाऊन सगळं सांगितलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता हेच लिहून द्या."

नमुन्यांत औषध दुसरंच निघालं. क्रमांक आणि लेबल मात्र जुनंच. ज्याच्या कातडीला ते औषध चालत नाही, तो बाटली वाचून निर्धास्त राहिला असता. माल परत गेला. मित्राची नोकरी गेली. तो माझ्याशी अजून बोलत नाही. माझी नोकरी राहिली, कारण ताईंनी अहवालात लिहिलं होतं: 'ओळख त्यांनी आधी लपवली, मग स्वतःहून सांगितली. सही निष्काळजीपणाची आहे, लबाडीची नाही.' साहेबांनी ताईंची माफी मागितली, तीही बंद दाराआड.

तेव्हापासून ताई आपली प्रत्येक फाइल माझ्याकडे तपासायला पाठवतात. "माझ्यावरही विश्वास ठेवायचा नाही," असं बजावतात. चूक सापडली नाही असं कळवलं, तर "नीट पाहिलंत ना?" म्हणून फाइल पुन्हा येते.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच राहो. आणि कधीतरी घटकाभर डोळे मिटून विसंबावं, अशी माणसं तुम्हाला आमच्यात सापडोत.