आत्याची रेकॉर्ड कुणीही दिली नव्हती

आमच्या आत्याला राग आला की तिचा आवाज खाली जायचा. घरातल्या बाकीच्यांचा राग आमच्या मेलवीथी रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाई. आत्या मात्र इतकी हळू बोलायची की समोरच्याला पुढं वाकावं लागे, आणि जे कानावर पडे ते ऐकून तो लगेच ताठ होई. तिला राग यायला कारणं पुष्कळ होती. पाणी घातलेलं दूध, वर्गात उशिरा येणाऱ्या मुली, पानावर वाढलेलं टाकणारे पाहुणे. पण एका प्रश्नाला तो हमखास येई. तिच्या कपाटात गाण्याची एक लहान रेकॉर्ड असे. ती बघून कुणी विचारलं, "ही कोण दिली?" की त्या माणसाची कॉफी अर्धीच राहायची.

"कोण दिली" हे आमचं तंजावरचं मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ माणसांत राहून आमची बोली अशी झाली आहे. पुण्यामुंबईचे लोक ती ऐकून हसतात, हसू देत. देवनागरी वाचणारं आमच्या पिढीत फारसं कुणी नाही. मला आत्यानं शिकवलं, म्हणून हे तरी लिहिता येतं आहे. आणि लिहायचं कारण एकच, की तिच्याबद्दल एक खोटी गोष्ट आज गावभर फिरते आहे आणि ती ऐकून लोक डोळे पुसताहेत.

आत्या कॉलेजात गणित शिकवायची. मद्रासला शिकत असताना तिथल्या जुन्या बाजारात तिनं ती रेकॉर्ड ऐकली आणि विकत घेतली. एवढीच तिची कथा. परदेशी रेकॉर्ड होती, मधलं भोक मोठं होतं, त्यामुळं ती आमच्या प्लेअरवर बसेना. मग आत्यानं वीणा करणाऱ्या एका आसारीकडून, म्हणजे सुताराकडून, फणसाच्या लाकडाची चकती करून घेतली आणि त्या भोकात बसवली. अमेरिकेतल्या एका काळ्या गायकाचं ते गाणं, सोल म्हणतात त्या तऱ्हेचं, संथ आणि मऊ. मागं व्हायोलिनं असतात, दोन बायका हळूच ओळी झेलतात, आणि हा माणूस कसलीही घाई न करता गातो. शेवटाकडं एका जागी स्वर चढत जातो. आता हा ओरडणार असं वाटतं, आणि तो तिथूनच पाऊल मागं घेतो. त्या जागेला आत्या दर वेळी मान हलवायची. "बघ," ती म्हणायची, "इथं ओरडायला चालत होतं त्याला. ओरडला नाही."

आमचं घर कर्नाटक संगीताचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिचे थोरले भाऊ. सकाळी तंबोरा लावल्याशिवाय ते पेपर उघडत नसत. ते एकदा तिला म्हणाले, "ह्यात राग कुठला, ताळ कुठला, काही तरी आहे का?"

"राग नाही अण्णा, म्हणूनच ऐकते," आत्या म्हणाली. थोरल्या भावाला ती अण्णा म्हणे. "राग मजकडं पुष्कळ आहे."

ती रोज ऐकत नसे. कॉलेजातून आल्यावर पाय धुऊन, कॉफी घेऊन, मन झालं तर लावायची. उन्हाळ्यात मध्येच करंट जायचा आणि त्या गायकाचा आवाज ओढला जाऊन म्हशीसारखा होऊन थांबायचा. आम्ही पोरं हसायचो. आत्या पंख्याविना तिथंच घामाघूम बसून राही. करंट आला की सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून. मधून सुरू केलेलं तिला चालत नसे. "अर्धं काय ऐकायचं," म्हणायची, "अर्धं जेवतेस का तू?"

तिचं लग्न ह्या रेकॉर्डीनं मोडलं असं आमच्यात सांगतात. खोटं आहे. ते माणसांनी मोडलं. कुंभकोणमची मंडळी तिला बघायला आली होती. चांगली माणसं म्हणून त्यांचं नाव होतं. मुलगा सरकारी नोकरीत होता. आत्यानं कर्नाटक संगीतातलं एक कीर्तन म्हणून दाखवलं, सगळ्यांनी वाहवा केली, केसरी, म्हणजे आमचा शिरा, खाल्ली. मग मुलाच्या मावशीचं लक्ष कपाटाकडं गेलं. तिनं रेकॉर्ड हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "इंग्लिश गाणं? कोण दिली ही?"

"मीच घेतली."

"तूच? पण कशाला?"

"मज आवडलं."

मावशीनं रेकॉर्ड खाली ठेवली. नुसतं आवडलं, हे काही तिच्या पचनी पडलं नाही. लग्नाच्या वयाची मुलगी, परक्या भाषेतलं प्रेमाचं गाणं, आणि मागं माणूस नाही? कुंभकोणमला परत जाईपर्यंत त्या मंडळींनी मागचा माणूस तयार केला होता. आत्याच्या कॉलेजात फिजिक्सचे एक सर होते, ख्रिश्चन. अख्ख्या स्टाफमध्ये ते एकटेच ख्रिश्चन. इंग्लिश गाणं म्हणजे चर्च, आणि चर्च म्हणजे ते सर. आत्या गणिताची प्राध्यापक, पण हे असलं गणित तिला जन्मभर सुटलं नाही. नकार आला, आणि नकाराबरोबर ही बातमीही आली.

अप्पांनी काय केलं ते लिहायला मला आजही आवडत नाही. ते तिला म्हणाले, "मी दिली म्हणून सांगतो. भावानं दिली म्हटलं की तोंडं बंद होतील."

"मी चोरली का ती?" आत्या म्हणाली. "मी घेतली. त्यात लपवायचं काय आहे?"

अप्पांनी शेवटी खोटं सांगितलं नाही, पण खरंही कुठं ठासून सांगितलं नाही. ते गप्प बसले. गावानं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला.

त्या सरांचे हाल झाले. त्यांना बायको होती, लहान मूल होतं. कॉलेजात फळ्यावर काहीबाही लिहिलं जाऊ लागलं. प्रिन्सिपॉलनी बोलावून कानउघाडणी केली. शेवटी त्यांनी नागरकोविलकडं दुसरी नोकरी धरली. पुढचं आत्यानं मला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि कधीही एक शब्द इकडचा तिकडं न करता. ते जाणार हे कळल्यावर ती एका सकाळी त्यांच्या घरी गेली. सामान बांधून झालं होतं. सरांनी तिला बसायला सांगितलं, पण त्यांची बायको दारातच उभी राहिली. आत्या म्हणाली, "मजमुळं तुम्हांला त्रास झाला."

सर म्हणाले, "तुमच्यामुळं कसला? पण टीचर, एक सांगा. ज्या गाण्यापायी मी गाव सोडतो आहे ते गाणं आहे तरी कसलं? मी अजून ऐकलेलंच नाही."

आत्या उठली आणि घरी आली. प्लेअर, रेकॉर्ड, फणसाची चकती असं सगळं सायकल रिक्षात घालून ती भर दिवसा, अख्ख्या रस्त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा त्यांच्याकडं गेली. बांधलेल्या ट्रंकेवर प्लेअर ठेवला आणि गाणं लावलं. सर खाली मान घालून ऐकत होते. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "चांगलं आहे. आमच्या चर्चमध्ये मात्र असलं काही नसतं." आणि ते हसले. आत्याही हसली. मग दारातली त्यांची बायको आत आली, ट्रंकेशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "टीचर, पुन्हा एकदा लावा."

आत्यानं पुन्हा लावलं. त्यांची पुन्हा कधी भेट झाली नाही. सर वारल्याचं पुढं कुणाकडून तरी कळलं.

त्यानंतर स्थळं येईनाशी झाली आणि आत्यानंही ती मागितली नाहीत. गल्लीतली पोरं तिला रेकॉर्ड टीचर म्हणू लागली. ती शिकवत राहिली, पैठणीपेक्षा कांजीवरम बरी म्हणून भांडत राहिली, अप्पांच्या शेवटच्या आजारात तिनंच त्यांचं सगळं केलं. मी तिला एकदा विचारलं होतं की एवढी वर्षं तेच गाणं ऐकून कंटाळा कसा येत नाही. ती म्हणाली, "आमटी रोज खातेस ना? आणि ही रेकॉर्ड तर कुणी बिघडवू शकत नाही. तो दर वेळी तसाच गातो. माझ्या माहितीत असा दुसरा माणूस नाही."

आता रघूबद्दल. रघू माझा धाकटा भाऊ, चेन्नईत जाहिरातींच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी पोंगलला तो घरी आला. आत्या ऐंशीच्या घरात होती, गुडघे गेलेले, पण डोकं लख्ख. रघूनं फोनवर तिचं शूटिंग घेतलं. रेकॉर्ड पुसतानाचे तिचे हात, सुई ठेवतानाचं बोट, डोळे मिटून ऐकतानाचा चेहरा. आत्याला वाटलं, मुलगा हौसेनं घेतो आहे. चेन्नईला जाऊन त्यानं त्याचा छोटा व्हिडिओ केला, मागं ते गाणं घातलं आणि वर लिहिलं की माझ्या आत्यानं एका परधर्मी माणसावर प्रेम केलं, समाजानं त्यांना भेटू दिलं नाही, आणि त्यानं दिलेली ही एकच खूण ती आयुष्यभर ऐकत राहिली.

आठवड्याच्या आत तो व्हिडिओ आमच्या लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर पोचला. ओरत्तनाडूहून एक बाई आली ती मोगऱ्याचा गजरा घेऊन. आत्याचे हात धरून ती रडायला लागली. आत्याला काही कळेना. मी त्या बाईच्या फोनवर तो व्हिडिओ तिला दाखवला. आत्यानं तो पूर्ण बघितला. मग गजरा त्या बाईच्या हातात परत दिला आणि मला म्हणाली, "रघूला फोन लाव."

रघू फोनवर खुशीत होता. "आत्या, किती सुंदर झालंय बघ. लोक रडताहेत."

"रडू देत. मजवर नको," आत्या म्हणाली. "ते खोटं आहे. तुज ठाऊक आहे खोटं आहे."

"अगं, थोडंसं रंगवावं लागतं. नुसतं गाणं आवडलं म्हटलं तर कोण बघणार?"

"मग बघू नका. त्या माणसाचं एकदा वाटोळं झालं, आता मेल्यावर पुन्हा करता? त्याची बायको कुठं तरी असेल की. काढ ते."

"सरी, सरी, बरं, बघतो," रघू म्हणाला. त्यानं काढलं नाही.

पावसाळ्यात आत्या आजारी पडली. दवाखान्यात रघू भेटायला आला, तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. रघूनं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "काढला आत्या. केव्हाच काढला." मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. आत्यानं डोळे मिटले आणि ती म्हणाली, "बरं झालं." दोन दिवसांनी ती गेली. तिच्या दहनाला जाताना मी व्हॅनमध्ये फोन उघडून पाहिला. व्हिडिओ होता तिथंच होता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर रघूनं तो मोठ्या टीव्हीवर लावला, शेजारी आत्याचा हार घातलेला फोटो. हॉलमध्ये बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठून टीव्हीची वायर काढली. मग मी त्या सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. बाजार, कुंभकोणमची मावशी, ट्रंकेवरचा प्लेअर, सरांची बायको, सगळं. माझा आवाज फार चढला होता. सांगून झाल्यावर अप्पांची एक म्हातारी चुलत बहीण जवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुझा जीव होता तिच्यावर. तू झाकणारच. झाक, झाक."

दुसऱ्या दिवशी रघूनं ती रेकॉर्ड मागितली. आमच्या लोकांच्या हॉलमध्ये काचेत बसवून लावायची, खाली तिची गोष्ट लिहायची, असं त्याचं ठरलं होतं. मी नाही म्हटलं.

"अक्का, आता तिला काय फरक पडतो?" तो म्हणाला.

"तू तिच्या तोंडावर खोटं बोललास."

"तिला बरं वाटावं म्हणून. शांतपणे गेली ना ती?"

ह्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रेकॉर्ड आणि प्लेअर स्कूटरवर पायांत ठेवून मी माझ्या घरी आणला. तेव्हापासून मी रघूशी बोललेले नाही. दिवाळीला त्याचा फोन आला होता, नवऱ्यानं घेतला. नातेवाईक म्हणतात, एवढं काय त्यात, त्यानं तिला मोठंच केलं ना. मी म्हणते, एक बाई साठ वर्षं एकच वाक्य सांगत होती आणि ते तुम्हांला छोटं वाटलं.

परवा शेजारची वसंता भाजी निवडायला आली होती. गाणं चालू होतं. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग माझ्याकडं बघून तिनं चेहरा बारीक केला. "आत्याची आठवण येते म्हणून लावता ना?"

"नाही," मी म्हटलं. "मला आवडतं म्हणून."

तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. मी शेंगा तिच्या पुढ्यात सरकवल्या आणि गाणं संपेपर्यंत तिला बोलू दिलं नाही.