टिळ्याआधीचा घोट

ताईच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी मी सकाळपासून मागच्या दारात पाट टाकून बसले होते. बाबा पिऊन आले तर पाहुणे उठून जातील, ही धास्ती सगळ्यांनाच होती. पहारा मात्र माझ्याकडे. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी पंधराची, ताई एकोणीसची, धाकटा भाऊ नऊचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती, म्हणजे दारूचं दुकान नव्हतं, एवढंच. बाबांना मोहाची कुठेही सापडायची.

सौदा मी आदल्या दिवशीच केला होता. "टिळा लावेपर्यंत थेंब नाई. घेतली त पाहुण्याईसमोर बोंबलून सांगीन."

"तुह्याशी कोण भाव करन, बाप्पा!" बाबा हसले. पण त्यांनी शब्द पाळला.

दुपारी पाहुणे ओट्यावर बसले आणि मी बाबांचे हात पाहिले. नवरदेवाला टिळा त्यांनीच लावायचा होता, आणि हातातल्या पेल्यातलं पाणी धोतरावर सांडत होतं. दारू न मिळाल्यावर हात असे थरथरतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याशी भांडायची ती संध्याकाळी. सकाळी त्यांचा चहाचा कप धरायची ती ताई.

धाकटा पोट धरून हसत होता. "आज नवरदेवाच्या नाकालेच कुंकू लागते पाह्य!" पिऊन आलेले बाबा त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे. त्याला सगळ्याची गंमतच.

ताई नव्या साडीत उठली आणि बाबांना आतल्या खोलीत घेऊन गेली. मी मागे धावले. तांदळाच्या डब्यातून तिने शिशी काढली. आमच्याच घरात शिशी होती आणि मला पत्ता नव्हता!

"काऊन देऊन राह्यली त्याईले? मी सकाळपासून दारात बसली न!"

"हळू बोल. घोटभरच देते."

"तुह्या लग्नाचं वाटोळं होईन!"

"हात असाच राह्यला त होईनच."

बाबा मान खाली घालून उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी घोट घेतला, वर दोन लवंगा चावल्या. मग बाहेर जाऊन टिळा लावला. कपाळाच्या बरोबर मध्यभागी.

तेव्हापासून घरात ताई समजूतदार ठरली आणि मी तापट. पुढे भाजीच्या हातगाडीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी भांडूनच आले. बाजारात माझ्या भांडणाचा धाक आहे, घरात नुसती थट्टा. भाऊ तर सगळ्यांना सांगत फिरतो, "आपले बाबा लय मजेचे होते. हे मधली बहीणच कटकट करे."

दहा वर्षांनी बाबा गेले. तेरवीची भांडी घासताना मी ताईला म्हटलंच, "त्या दिवशी माहा पहारा फुकट घालवला तुनं."

"फुकट कायचा? तू दारात नसती त बाबा सकाळीच पिऊन पडले असते. मंग म्या घोट कोणाले देला असता?"

"हे दहा वर्षं आधी चारचौघात सांगाले काय झालतं?"

तिने माझ्या हातातली कढई काढून घेतली आणि ओट्याकडे तोंड करून भावाला हाक मारली. "इकडे ये रे. आन् तेरवीले आलेल्या सगळ्याईले घेऊन ये. माह्या साक्षगंधाले दारात कोण बसलं होतं, थे सांगते तुमाले."