दरीपलीकडची हरिणी

लंडनच्या एजवेअर भागातल्या बेने इस्रायली दिनाबाई किहीमकरांचा मुलगा ऍरन स्कॉटलंडमध्ये एका खासगी जंगलावर हरणं मारायच्या नोकरीला लागला, तेव्हा त्या आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग फोनवर एवढंच म्हणाल्या, "रानात गोळीने मारलेलं आपल्या यहुदी धर्मात चालत नाही. खाऊ नकोस." त्याने कधी खाल्लं नाही. पण हरणं फार झाली की कोवळी झाडं जगत नाहीत, आणि पुढे हरणंही भुकेने मरतात, हे त्याला पटलं होतं.

काम शिकवलं तिथल्याच जुन्या शिकाऱ्याने, साठीच्या इवन मॅकरेने. "पुढच्या पायाच्या मागे, छातीत खाली," तो सांगायचा. "तिथे लागली की संपलं. अंतर चुकलं की जागा चुकते, आणि जनावर दिवसभर मरत राहतं."

२००६चा फेब्रुवारी. शिकारीचा मोसम संपायला तीन दिवस उरले होते. इवन खाली गाडीपाशी थांबला आणि ऍरन एकटाच वर चढला. दरीपलीकडे एक हरिणी आडवी उभी होती, शेजारी तिचं मोठं झालेलं पाडस. अंतर मोजायचं लेझर थंडीने बंद पडलेलं. मधे दरी असली की पलीकडचं जवळ भासतं, हे तो जाणून होता. तरी दुपार उतरत होती आणि उजेड दोन-अडीच तासच उरला होता. दीडशे यार्ड, त्याने ठरवलं, आणि चाप ओढला.

गोळी खाली लागली. पुढचा पाय मोडून लोंबू लागला आणि हरिणी तीन पायांवर धावत सुटली. पाडस तिच्यामागे.

बर्फातल्या रक्ताच्या मागावर तो तासभर चालला. ती एका ओढ्यात पडली होती. मान उचलून त्याच्याकडे बघत होती. दहा पावलांवरून त्याने दुसरी गोळी घातली. पाडस पळालं नाही. आईविना ते हिवाळा काढणार नव्हतं, म्हणून तिसरी त्याला.

परतताना त्याने लेझरची बॅटरी काखेत धरून गरम केली. पाचच मिनिटांत ते चालू झालं. पहिली गोळी झाडली त्या जागेवरून हरिणी उभी होती तिथवरचं अंतर निघालं दोनशे चाळीस यार्ड.

त्या संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं.

"पाडसाला पण?" दिनाबाईंनी विचारलं.

"हो."

"तू त्याला सोडून आला असतास तर बरं झालं असतं, असं नाही म्हणणार मी," त्या म्हणाल्या. "पण ऍरन, तुला घाई कसली होती रे?"



त्यानंतर शंभर यार्डांपलीकडे त्याने कधी गोळी झाडली नाही. ओल्या बर्फात पोटावर सरपटत जायचा आणि बहुतेक दिवस रिकाम्या हाताने परतायचा. दोन हिवाळ्यांनी मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. इवनने मधे पडायची तयारी दाखवली. ऍरन नको म्हणाला. त्याने बंदूक साफ केली, मालकाच्या हवाली केली आणि त्याच जंगलात कोवळ्या झाडांभोवती हरणं अडवणारी कुंपणं घालायचं काम मागून घेतलं.