एका सकाळीपुरतं शहाणपण

उपाशीपोटी रक्त देऊन झालं होतं. आता काहीतरी खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं, म्हणून आम्ही काहीजण लॅबच्या बाकांवर बसून होतो. समोरच्या बाईंनी डबा उघडून नवऱ्यापुढे धरला. आत अर्धी भाकरी आणि काकडीच्या फोडी.

"एवढंच?" तो म्हणाला.

"आज एवढंच खा. रिपोर्ट चांगला यायला नको का? आला की संध्याकाळी शिरा करते."

मला हसू आलं आणि मध्येच विरलं. माझ्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली आहे. डॉक्टरांनी समजावलं होतं, चरबीनं भरलेलं यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. आपण उपाशी झोपतो आणि ते रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. गोळ्या आहेत, पण खरा उपाय वजन उतरवण्याचा, रोज चालण्याचा. "उतरेल, धीर धरा," असं ते दरवेळी म्हणतात, माझ्याकडे न बघता. मीही दरवेळी सोमवारपासून चालायचं ठरवते.

त्या माणसानं काकडीची शेवटची फोड निष्ठेनं चावली. एका सकाळीपुरतं शहाणं होणं आम्हा सगळ्यांनाच जमतं. आत अंधारात राबणाऱ्या यकृताला मात्र बाकीचे सगळे दिवस ठाऊक असतात.

दोन तास झाले. त्याचं नाव पुकारलं. बाही वर सारत तो उठला, दारापाशी थांबला आणि वळून हळूच बायकोला म्हणाला, "तूप जरा सढळ हातानं घाल हं."