डार्करूममधलं मशीन

सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही नागपूरला राहत होतो. मी एका स्टुडिओत लग्नाच्या फिल्म एडिट करायचो, बायको शाळेत शिकवायची. पांढरकवड्याला मामाजी, म्हणजे माझे सासरे, एकटेच उरले. बायको एकुलती एक. "काही महिने जाऊन राहू," ती म्हणाली, आणि मी हो म्हणालो. त्यानंतर बरेच उन्हाळे गेले.

मामाजींचा फोटो स्टुडिओ घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत आहे. आतली खोली पूर्वी डार्करूम होती. खिडकी नाही, झरोका नाही, दाराच्या फटींवरसुद्धा काळं रेग्झिन ठोकलेलं. फिल्म धुण्याचं काम संपलं तेव्हा तिथं कॉम्प्युटर आला, आणि पुढे कॉम्प्युटरसमोर मी. लग्नसराईत सकाळी आत गेलो की बाहेर ऊन आहे की उतरलं, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नसे.

मामाजींनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. मी चहा घेतल्याशिवाय ते कप उचलत नसत. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "हे आमचे जवाईबापू. आता सारं तेच पाह्यते." अशा माणसाशी भांडायचं कशावरून? एकदा तरी तोंडाला तोंड लागलं असतं तर मी केव्हाच बॅग भरली असती.

त्यांना सगळ्यात जास्त कौतुक होतं ते जुन्या कॉम्प्युटरच्या जागी त्या दिवाळीत आणलेल्या नव्या मशीनचं. नागपूरच्या एका माणसानं ते जोडून देताना ओव्हरक्लॉक करून दिलं होतं. म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त जोरात पळवायचा. मामाजी त्याला 'पळवलेलं मशीन' म्हणायचे, आणि मला बजावलं होतं, "सेटिंगले हात नका लावू, जवाईबापू."

हिवाळ्यात ते खरंच पळालं. मग एप्रिल लागला. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलर पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांसाठी. त्याची ओलसर हवा मशीनवर नको म्हणून आतलं दार बंद. सगळे तुकडे जोडून शेवटची फिल्म तयार करायला लावायची, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. ते अर्ध्याच्या पुढे गेलं की मशीन आधी संथ व्हायचं, आणि मग एकाएकी बंद. पुन्हा पहिल्यापासून. राळेगावकडच्या एका लग्नाची फिल्म मी इतक्या वेळा लावली की त्या नवरीचं रडणं मला पाठ झालं होतं.

"गरम होते वाटते," मी म्हणालो.

मामाजी आत आले, कॅबिनेटवर हात ठेवला. "कुठी गरम हाये? पाहा ना तुमी."

मी हात लावला. पत्रा कोमट होता, एवढंच. त्यांनी कोरोनाच्या वेळची ताप मोजायची बंदूक आणली, जाळीवर धरली. "अडतीस. एवढा तं माणसालेबी ताप येते."

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा कायम दिसायचा, तो बावन्न सांगत होता. जोडणाऱ्या माणसानंच टाकून दिलेला. मीही त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. जास्तच शंका आली तर रेंडर थांबवून सेटिंगच्या पानावर जाऊन बघायचो. तिथंही साधारण तेवढंच. मग दोष सॉफ्टवेअरचा असेल, विजेचा असेल, असं म्हणून पुन्हा लावायचो. संध्याकाळी बाहेर आलो की बोलायची इच्छा उरत नसे. बायको नागपूरच्या शाळेबद्दल काही सांगू लागली की मी ताटात बघून जेवायचो.

एका दुपारी ती माझ्यासाठी ताक घेऊन आली आणि गेली नाही. दुसऱ्या खुर्चीवर बसली, पदरानं वारा घेत. रेंडर चालू होतं. तिचं लक्ष त्या कोपऱ्याकडे गेलं.

"हा आकडा हालत काहून नाही?"

"हालतो ना. एक्कावन्न, त्रेपन्न होतो."

"मी आल्यापासून तेवढाच आहे. सकाळी मेल बघायला बसली होती तेव्हाबी तेवढाच होता. काम असलं काय, नसलं काय."

मी रोज त्या आकड्यासमोर बसत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दोघांनी मोबाईलवर शोधायला घेतलं. तो आकडा मदरबोर्डवरच्या कुठल्याशा सेन्सरचा होता, प्रोसेसरच्या पोटातला नव्हताच. आतल्या प्रत्येक कोअरला, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला, स्वतःचा सेन्सर असतो, आणि तो वाचणारं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसरी गोष्ट वाचून तर मी कपाळावर हात मारला. कामाचा ताण काढला की कोअरचं तापमान डोळ्यांदेखत खाली येतं. म्हणजे मी रेंडर थांबवून बघत होतो ते सगळं फुकट होतं. काम चालू असतानाच बघायचं, आणि सगळ्यात वर गेलेला आकडा वेगळ्या रकान्यात धरून ठेवलेला असतो, तो वाचायचा.

सॉफ्टवेअर टाकलं. एकावर भरवसा नको म्हणून दुसरंही टाकून ताडून पाहिलं. रेंडर लावलं. आकडे लाल होत गेले. नव्वद, पंच्याण्णव, एका कोअरवर शंभर. कोपऱ्यात अजून बावन्नच.

मामाजींना बोलावलं. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, चष्मा पुसून पाहिलं आणि ते हसले. "शंभरावर पाणी उकळते, जवाईबापू. म्या आत्ताच हात लावला." मग जरा आवाज उतरवून, "तुमी थकले असान. आज राहू द्या."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण ते माझ्या काळजीनंच बोलत होते.  मग बायकोनंच विचारलं.

"बाबा, तुमी फिल्म धुवाच्या डेव्हलपरचं तापमान कसं पाहत होते?"

"थर्मामीटरनं."

"कुठी ठेवून?"

"ट्रेमंदी. अजून कुठी ठेवतेत?"

"टेबलाले हात लावून नव्हते पाहत ना?"

 उन्हाळ्यात ट्रेच्या भोवती बर्फ लावून, एकेका अंशासाठी धडपडून मामाजींनी याच खोलीत निम्मं आयुष्य काढलं होतं. ते स्क्रीनजवळ वाकले, पुन्हा ते आकडे वाचले, एकेक कोअर बोटानं मोजत. "मंग कमी करा," म्हणाले. "जळून जाईन बिचारं."

मी ओव्हरक्लॉक काढून टाकलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी, पण सुकून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, पंख्यातली धूळ काढली. आकडा ऐंशीच्या खाली आला. राळेगावची फिल्म पूर्ण झाली, मशीन एकदाही बंद पडलं नाही. मात्र वेग उतरल्यामुळे रेंडरला आता जास्त वेळ लागणार होता, म्हणजे त्या खोलीतले माझे तास वाढणार होते. आनंद वाटायला हवा होता. मी मशीन बंद केलं आणि बाहेर उघड्यावर जाऊन उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं. "मामाजी, आम्ही नागपूरला परत जायचं म्हणतोय. तुम्हीही चला."

बायकोनं पोळी लाटायची थांबवली. मामाजींनी वरणात भात कालवला, घास घेतला, पाणी प्यायले. "बरोबर हाये तुमचं," एवढंच म्हणाले. 

सकाळी मला घणाच्या आवाजानं जाग आली. डार्करूमच्या मागच्या भिंतीला मिस्त्री भोक पाडत होता आणि मामाजी विटांचे तुकडे घमेल्यात भरत होते. अंगभर चुना.

"खिडकी काढतो. वर एग्झॉस्टचा पंखा बसवू," ते म्हणाले. "तुमी कधी म्हटलंच नाही, मलेच समजाले पायजे होतं. इतले वर्स अंधारात बसवलं म्या तुमाले."

 नागपूरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. घमेलं त्यांच्या हातून घेतलं आणि बाहेर रिकामं करून आलो. बायको दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग ती आत जाऊन मिस्त्रीसाठी चहा ठेवू लागली.

जून लागला तेव्हा तिनं इथल्याच एका शाळेत अर्ज केला. मला विचारलं नाही, आणि मीही का, म्हणून विचारलं नाही. आता ती सकाळी जाते, दुपारी येते. मामाजी रोज एकदा आत डोकावून विचारतात, "किती?" मी कोअरचा आकडा सांगतो. ते मान हलवतात आणि पंख्याचा वेग आपल्या हातानं वाढवून जातात. कळंबला किंवा केळापूरच्या बाजूला लग्नाचं शूटिंग असलं की मीच जातो, आणि वऱ्हाड निघून मांडवाचे बांबू सुटायला लागले तरी घरी परतायला गाडी काढत नाही.